हवेचा दाब व आकारमान : वरच्या वर्गांसाठी एक प्रयोगपाठ

प्रास्ताविक

हवा जागा व्यापते, हवेला वजन असते आणि हवा दाबली असता आकसते, या तीन गोष्टी प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यास लवकरच परिचित होतात. उपडा पेला सरळ पाण्यात दाबला तर तो पाण्याने भरत नाही, हे त्याने पाहिलेले असते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला, तर तो काही अंतर खाली जातो व पुढे हाताला विरोध करू लागतो, हेही त्याला अनुभवाने ठाऊक असते. परंतु पाठ एवढ्यावरच संपला, तर विज्ञानाचा खरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. हवा किती दाबली असता किती आकसते, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकांत एका वाक्यात मिळते : ‘तापमान कायम असता ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.’ हे वाक्य पाठ करण्यास दोन मिनिटे पुरतात. ते मोजून पाहण्यास एक तासिका लागते. या दोहोंत जे अंतर आहे, तेच विज्ञान सांगणे व विज्ञान शिकविणे यांतील अंतर आहे. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही ही मोजणी कशी करता येईल, आणि ती करताना शिक्षकाने कोणत्या गोष्टी सांभाळाव्यात, याचे विवेचन पुढे केले आहे.

पूर्वज्ञान

या पाठाची पूर्वतयारी विज्ञानाच्या तासाला नव्हे, तर गणिताच्या तासाला करावी. ‘८ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, तर १२ मजूर तेच काम किती दिवसांत करतील?’ हे व्यस्त त्रैराशिकाचे उदाहरण मुलांनी सोडविलेले असते. ८ आणि १५ यांचा गुणाकार १२०. तेव्हा १२ मजुरांस १० दिवस. येथे मजूर वाढले की दिवस कमी होतात, पण दोहोंचा गुणाकार बदलत नाही, ही गोष्ट फळ्यावर ठळक मांडावी. काही मुले ‘एक वाढते व दुसरे कमी होते’ एवढ्यालाच व्यस्त प्रमाण समजतात. मेणबत्ती जळताना वेळ वाढत जातो व मेणबत्तीची उंची कमी होत जाते. परंतु वेळ दुप्पट झाला म्हणून उंची निम्मी होत नाही. म्हणून मेणबत्तीचे उदाहरण व्यस्त प्रमाणाचे नव्हे. गुणाकार स्थिर राहतो की नाही, हीच खरी कसोटी. ती मुलांच्या मनात पक्की झाली म्हणजे प्रयोगाचे निम्मे काम झाले असे समजावे.

साहित्य व मांडणी

सुई नसलेली, न वापरलेली २० मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा लहानसा तुकडा, दोरा, मोजपट्टी, मध्ये भोक पाडलेली एक अरुंद फळी, हातभर लांबीची एक काठी आणि अर्धा लिटर पाणी मावेल अशा सहा बाटल्या एवढे साहित्य पुरे. अर्धा लिटर पाण्याचे वजन अर्धा किलोग्रॅम असते, त्यामुळे वजनांची अडचण राहत नाही. बाटल्या पाण्यासह एकदा तराजूवर तोलून सारख्या करून घ्याव्यात.

प्रथम सिरिंजचा दट्ट्या २० च्या खुणेवर आणावा. व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा सिरिंजच्या टोकावर चढवून, तो दुमडून दोऱ्याने घट्ट बांधावा. तुकडा शक्य तितका आखूड असावा, कारण त्यात अडकलेली हवा खुणांवर मोजली जात नाही. फळी दोन बाकांवर पुलाप्रमाणे आडवी ठेवून तिच्या भोकात सिरिंज उभी सोडावी, म्हणजे सिरिंजची कड फळीवर टेकेल व खुणा असलेला भाग खाली स्पष्ट दिसेल. काठी मध्यभागी दट्ट्याच्या डोक्यावर फळीला आडवी येईल अशी घट्ट बांधावी आणि तिच्या दोन टोकांना एकेक बाटली टांगावी. बाटल्या नेहमी जोडीनेच टांगाव्यात. एका बाजूस वजन अधिक झाल्यास दट्ट्या तिरपा होऊन अडकतो. एका जोडीने दट्ट्यावर १ किलोग्रॅमचा भार येतो.

न दिसणारा भार

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची पायरी येते. दट्ट्यावर एकही बाटली नसताना आतील हवेवर किती दाब आहे? बहुतेक मुले ‘काहीच नाही’ असे उत्तर देतील. हे उत्तर लगेच चुकीचे ठरवू नये. ते तसेच फळ्यावर लिहून घ्यावे व हिशेबानेच त्याची परीक्षा होऊ द्यावी. दाब शून्य धरला, तर शून्य आणि २० यांचा गुणाकार शून्य येतो. पुढे बाटल्या टांगल्यावर मात्र गुणाकार शून्य येत नाही. तेव्हा कोणता तरी दाब मोजावयाचा राहिला आहे, असे मुलांच्याच ध्यानात येते.

तो दाब वातावरणाचा होय. समुद्रसपाटीवर वातावरण प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका दाब देते. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवरील ठिकाणी तो साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो. या पाठापुरता तो १ किलोग्रॅम धरण्यास हरकत नाही. दट्ट्याचे क्षेत्रफळ मुलांनीच काढावे. सिरिंजवरील शून्यापासून २० पर्यंतच्या खुणांचे अंतर मोजपट्टीने मोजावे. २० मिलिलिटर म्हणजे २० घन सेंटिमीटर. त्यास या अंतराने भागले की क्षेत्रफळ मिळते. अंतर साडेसहा ते सात सेंटिमीटरच्या दरम्यान असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे वातावरण दट्ट्यावर आधीच सुमारे ३ किलोग्रॅमचा भार देत आहे. प्रत्येक नोंदीत टांगलेल्या वजनात हे ३ किलोग्रॅम मिळविलेच पाहिजेत.

मोजणी

दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल व दट्ट्याचे नळीशी घर्षण मुळीच होत नसेल, तर आकडे पुढीलप्रमाणे यावेत :

टांगलेले वजन ० – एकूण भार ३ किलोग्रॅम – आकारमान २० – गुणाकार ६०
टांगलेले वजन १ – एकूण भार ४ किलोग्रॅम – आकारमान १५ – गुणाकार ६०
टांगलेले वजन २ – एकूण भार ५ किलोग्रॅम – आकारमान १२ – गुणाकार ६०
टांगलेले वजन ३ – एकूण भार ६ किलोग्रॅम – आकारमान १० – गुणाकार ६०

हे कोष्टक शिक्षकाच्या माहितीसाठी आहे. प्रयोगापूर्वी ते मुलांस दाखवू नये. प्रत्यक्षात दट्ट्याचे रबर नळीशी घासते व दट्ट्या योग्य जागेच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे थांबतो. म्हणून प्रत्येक वजनास दोन नोंदी घ्याव्यात. एकदा दट्ट्या हाताने किंचित खाली दाबून सोडावा व तो वर येऊन थांबेल ती खूण लिहावी. दुसऱ्यांदा तो किंचित वर ओढून सोडावा व खाली जाऊन थांबेल ती खूण लिहावी. दोहोंची सरासरी हे त्या वजनाचे आकारमान धरावे.

वजन टांगल्यानंतर अर्धा मिनिट थांबून मगच खूण वाचावी. हवा झटकन दाबली असता तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, त्याला हेही एक कारण आहे. तापलेली हवा अधिक जागा मागते व हिशेब बिघडतो. नियमातील ‘तापमान कायम असता’ या शब्दांचा अर्थ मुलांस येथेच कळतो. ते शब्द वाक्याची शोभा वाढविण्यासाठी घातलेले नाहीत. ती प्रयोगाची अट आहे.

हा नियम कसा सापडला

रॉबर्ट बॉईल याचा जन्म १६२७ मध्ये आयर्लंडमध्ये झाला. त्याने रॉबर्ट हुक या कुशल साहाय्यकाच्या मदतीने हवा काढून घेण्याचा पंप तयार करविला व हवेच्या स्थितिस्थापकतेवरील आपले प्रयोग १६६० मध्ये प्रसिद्ध केले. हवा ही स्प्रिंगेप्रमाणे दाबली जाते व उलट दाबते, असे त्याचे म्हणणे होते. फ्रान्सिस लाइन नावाच्या विद्वानाने १६६१ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. हवेत थोडीफार उसळी असेल, पण नळीतील सुमारे २९ इंच उंचीचा पारा तोलून धरण्याइतकी शक्ती तिच्यात असणे शक्य नाही, असे लाइनचे मत होते. पारा वर राहतो तो एका अदृश्य तंतूने ओढला गेल्यामुळे, असे तो सांगे.

बॉईलने या आक्षेपास शब्दांनी नव्हे, तर मापांनी उत्तर दिले. एक लांब काचनळी खाली वळवून तिचा आखूड भाग वरून बंद केला व लांब भाग उघडा ठेवला. आखूड भागात हवा कोंडून लांब भागात पारा ओतीत जावयाचे आणि हवेची उंची कागदी पट्टीवरील पाव इंचांच्या खुणांनी मोजावयाची, अशी ही मांडणी होती. नळी इतकी लांब होती की ती खोलीत मावेना व प्रयोग जिन्यात करावा लागला. नळी फुटल्यास पारा वाया जाऊ नये म्हणून खाली पेटी ठेवली होती. आधीच्या एका प्रयत्नात नळी फुटलीही होती. हवेवरील एकूण दाब काढताना बॉईलने पाऱ्याच्या उंचीत दरवेळी २९ १/८ इंच मिळविले. हा वातावरणाचा भार होय. सिरिंजच्या प्रयोगात मिळवावयाचे ३ किलोग्रॅम ते हेच.

१६६२ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातील काही ओळी पुढे दिल्या आहेत. आकारमान पाव इंचांत व दाब पाऱ्याच्या इंचांत आहे. गुणाकार वाचकांच्या सोयीसाठी काढून दिला आहे.

आकारमान ४८ – दाब २९ १/८ – गुणाकार १३९८
आकारमान ३२ – दाब ४४ ३/१६ – गुणाकार १४१४
आकारमान २४ – दाब ५८ १३/१६ – गुणाकार १४११ १/२
आकारमान १६ – दाब ८७ ७/८ – गुणाकार १४०६
आकारमान १२ – दाब ११७ ९/१६ – गुणाकार १४१० ३/४

दाब व आकारमान व्यस्त प्रमाणात असावेत ही कल्पना आपली नसून रिचर्ड टाउनली याची आहे, असे बॉईलने स्वतः नमूद केले. टाउनली व हेन्री पॉवर यांनी इंग्लंडमध्येच हवेवर मोजमापे केली होती. पुढे फ्रान्समध्ये एद्म मारिओत यानेही हाच नियम मांडला. म्हणून काही देशांच्या पुस्तकांत नियमास दोघांचीही नावे जोडलेली आढळतात.

आकडा जुळला नाही तर

वरील कोष्टक मुलांस अवश्य दाखवावे व एक प्रश्न विचारावा : बॉईलचे गुणाकार सारखे आहेत काय? ते सारखे नाहीत. सर्वांत लहान १३९८ व सर्वांत मोठा १४१४. दोहोंत १६ चा फरक आहे, म्हणजे शेकडा एकाहून किंचित अधिक. बॉईलला हा फरक ठाऊक होता. नियमाप्रमाणे यावयास हवा तो दाब त्याने शेजारच्या स्तंभात स्वतःच छापला. आकारमान २४ असता नियमाने ५८ १/४ यावयास हवे होते. प्रयोगात ५८ १३/१६ आले. आकारमान १२ असता ११६ १/२ यावयास हवे होते. ११७ ९/१६ आले. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून त्याने निर्णय वाचकावर सोपविला. हे कोष्टक साडेतीन शतकांनंतरही विश्वासार्ह वाटते, त्याचे एक कारण हा प्रामाणिकपणा होय.

वर्गात नेमके याच ठिकाणी शिक्षकाची कसोटी लागते. एखाद्या गटाचे आकारमान १२ ऐवजी साडेबारा येईल. शेजारच्या गटाचे बारा आले, हे कळताच मुले आपला आकडा खोडून बारा लिहितील, किंवा गुरुजींना कोणता आकडा हवा आहे याचा अंदाज घेतील. मुले असे लबाडीने करतात असे नव्हे. वहीतील उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळले की शाबासकी मिळते, हे ती इतर तासांना शिकलेली असतात. शिक्षकाने साडेबाराला ‘चूक’ म्हटले, तर त्या दिवशी विद्यार्थी बॉईलचा नियम शिकेल. पण डोळ्यांना दिसले त्याहून पुस्तकात छापलेले अधिक खरे, असाही एक नियम त्याच्या मनावर ठसेल. दुसरा नियम पहिल्याच्या मुळावर येणारा आहे.

म्हणून सर्व गटांचे आकडे आले तसे फळ्यावर लिहावेत. एकही आकडा बदलू नये. त्यानंतर फरकाची कारणे मुलांकडूनच काढून घ्यावीत. दट्ट्याचे घर्षण, रबरी तुकड्यात राहिलेली हवा, वातावरणाचा दाब ठोकळ मानाने धरलेला असणे, खूण तिरप्या नजरेने वाचणे, अशी कारणे पुढे येतील. गुणाकार एकाच दिशेने सारखा घटत गेला, तर बहुधा हवा कोठून तरी निसटत असावी. सर्व बाटल्या काढून दट्ट्या पुन्हा २० च्या जवळ येतो की नाही, हे पाहिले म्हणजे ही शंका फिटते. याप्रमाणे न जुळणारा आकडा हा अपयशाचा पुरावा न राहता पुढील शोधाचा धागा बनतो. वहीवर गुण द्यावयाचे असल्यास ते उत्तर ६० च्या किती जवळ आले यासाठी देऊ नयेत. दोन्ही नोंदी लिहिल्या आहेत काय व फरकाचे कारण शोधले आहे काय, हे पाहून द्यावेत.

असे का होते

वायूचे असंख्य सूक्ष्म कण सर्व दिशांना वेगाने धावत असतात व भांड्याच्या भिंतींवर आदळत असतात. या आघातांचा एकत्रित परिणाम म्हणजे दाब होय. जागा निम्मी केली, तर तितकेच कण निम्म्या जागेत दाटतात व भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर होणारे आघात दुप्पट होतात. तापमान कायम असल्याने कणांचा सरासरी वेग मात्र बदलत नाही. ही उपपत्ती डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्ये मांडली. वरच्या प्राथमिक वर्गांत एवढे विवेचन पुरेसे आहे.

व्यवहारातील उदाहरणे

विहीर : पाण्याखाली सुमारे १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाइतका होतो, म्हणजे एकूण दाब दुप्पट होतो. उपडी घागर तोंड खालीच राहील अशी भारासह १० मीटर खोल नेली, तर तिच्यातील हवा निम्मी होईल व निम्म्या घागरीत पाणी शिरेल. २० मीटरवर काय होईल, असे विचारल्यास अनेक मुले ‘घागर पूर्ण भरेल’ असे म्हणतील. एकूण दाब तिप्पट झाल्याने हवा एक तृतीयांश उरते, ती शून्य होत नाही, हे हिशेबाने दाखवावे. हे उदाहरण फळ्यावरच सोडवावे. मुलांस विहिरीवर नेऊ नये.

श्वास : हवा आत शिरल्यामुळे छाती फुगते, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक क्रम याच्या उलट आहे. बरगड्या वर उचलल्या जातात व श्वासपटल खाली जाते. त्यामुळे छातीच्या पोकळीचे आकारमान वाढते, आतील दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत येते.

स्वयंपाकाचा गॅस : निम्मा गॅस संपला म्हणजे सिलिंडरमधील दाबही निम्मा होतो काय? होत नाही. सिलिंडरमध्ये बहुतांश इंधन द्रवरूपात असते व वापरलेल्या वायूच्या जागी द्रवाची वाफ होत राहते. वायूचे वस्तुमान ठरावीक राहत नसल्याने येथे हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. नियम कोठे लागू पडत नाही, हे कळणे हाही नियम समजण्याचाच भाग आहे.

स्वाध्याय

१. सिरिंजमध्ये १० मिलिलिटर हवा कोंडून ती उलटी धरली व खाली आलेल्या दट्ट्याला १ किलोग्रॅम वजन टांगले. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असल्यास आकारमान किती होईल? (येथे वजन वातावरणाच्या भारातून वजा करावे. ३ मधून १ वजा जाता २; उत्तर १५ मिलिलिटर.)

२. ३० मीटर खोल पाण्यात घागरीतील हवा मूळच्या किती भाग उरेल? (एक चतुर्थांश.)

३. एका विद्यार्थ्याने बाटल्यांचेच वजन दाब म्हणून धरले. १ किलोग्रॅमला आकारमान १५, २ ला १२ व ३ ला १० आले. त्याचे गुणाकार काढा व त्याचे काय राहून गेले ते सांगा. (गुणाकार १५, २४ व ३०, वातावरणाचा भार मिळवावयाचा राहिला.)

४. आपल्या गटाचा जो गुणाकार इतरांहून सर्वांत वेगळा आला असेल, त्याचे संभाव्य कारण लिहा व ते खरे की खोटे हे पडताळण्यासाठी काय कराल ते सांगा.

चौथ्या प्रश्नाचे तयार उत्तर येथे दिलेले नाही. ते प्रत्येक वर्गात निराळे असेल, आणि ते मुलांनीच शोधावयाचे आहे.